‘स्पेस म्युझिक’ : ऐकायचं की झोपायचं?

आमच्या होस्टेलमध्ये गाणी ऐकायचे दोन प्रकार आहेत. एक, खिडकीत स्पीकर ठेवून समोरच्या ब्लॉकलाही ऐकवणे. दुसरा, कानात इअरबड्स खुपसून शेजारच्या कॉटवर कोण झोपलंय याचाही पत्ता नसणे. माझी आवड या दोन्हींत नीट बसत नाही आणि त्यामुळे मला बरंच ऐकून घ्यावं लागतं. मी ऐकतो त्याला ‘स्पेस म्युझिक’ म्हणतात. ठेका नाही, शब्द नाहीत, मुखडा-अंतरा नाही... एक सूर मिनिट-मिनिट लांबत राहतो, त्याच्या मागून दुसरा हळूच येतो आणि पहिला कधी गेला हे कळतही नाही. परवा एका मित्राने दोन मिनिटं ऐकलं आणि विचारलं, "काय बे, कुठं फ्रीज चालू राहिला का?"

मित्रांनो, हा लेख त्या फ्रीजच्या बाजूने आहे.

आधी थोडी माहिती. इंग्लंडचा ब्रायन ईनो १९७५ साली टॅक्सीच्या अपघातानंतर घरी पडून होता. भेटायला आलेल्या मैत्रिणीने वीणेसारख्या हार्प या वाद्याची एक रेकॉर्ड लावून दिली आणि ती निघून गेली. आवाज इतका बारीक होता की बाहेरच्या पावसात तो मिसळून गेला, आणि याला उठून तो वाढवताही येईना. तसंच पडल्या पडल्या ऐकताना त्याला वाटलं, संगीत असंही असू शकतं : खोलीतल्या उजेडासारखं. लक्ष द्या, नका देऊ, ते आहेच. त्याच वर्षी त्याने ‘डिस्क्रीट म्युझिक’ काढलं, १९७८ मध्ये ‘म्युझिक फॉर एअरपोर्ट्स’, आणि अशा संगीताला ‘अँबियंट’ हे नाव चिकटलं. तिकडे जर्मनीत टँजरिन ड्रीम आणि क्लाउस शुल्त्से ही मंडळी सिंथेसायझरवर लांबच लांब, तरंगत जाणारे तुकडे करतच होती. अमेरिकेत स्टीफन हिल नावाच्या गृहस्थाने १९७३ साली बर्कलीच्या केपीएफए रेडिओवर रात्रीचा एक कार्यक्रम सुरू केला. एक तुकडा दुसऱ्यात विरघळत जायचा, मध्ये निवेदकाची बडबड नाही. ‘हार्ट्स ऑफ स्पेस’ या नावाने तो १९८३ पासून अमेरिकाभर गेला आणि ‘स्पेस म्युझिक’ हा शब्द रुळला तो मुख्यतः त्याच्यामुळे. १९८४ चा स्टीव्ह रोचचा ‘स्ट्रक्चर्स फ्रॉम सायलेन्स’ ऐका. शेवटचा तुकडा जवळपास अर्ध्या तासाचा आहे आणि त्यात ‘घडत’ काहीच नाही. तरी संपल्यावर खोली वेगळी वाटते.

आता फ्रीजकडे येऊ. इलेक्ट्रिकलवाल्यांना सांगायला नको की आपल्याकडे मेन्सची वारंवारिता ५० हर्ट्झ आहे, आणि ट्रान्सफॉर्मरचा गाभा एका आवर्तनात दोनदा ताणला-आकसला जातो. म्हणून गुणगुण ऐकू येते ती १०० हर्ट्झची. पेटीच्या भाषेत हा सूर खालच्या पांढरी पाचच्या अगदी जवळ, किंचित चढा. थोडक्यात, नागपूरच्या प्रत्येक डीपीजवळ, प्रत्येक ट्यूबलाइटच्या जुन्या चोकमध्ये एकच षड्ज चोवीस तास लागलेला असतो! आणि उन्हाळ्यात तर विचारूच नका. एप्रिल ते जून आपण सगळे कूलरच्या आवाजात झोपतो. मोटरचा खालचा सूर, त्यावर पंख्याच्या पात्यांचा ‘हूं’, आणि वाळ्याच्या ताट्यांवरून टपटपणारं पाणी. पुण्या-मुंबईकडून आलेल्या मुलांना पहिले आठ दिवस त्या आवाजात झोप लागत नाही, आणि आपल्याला दिवाळीत गावी गेल्यावर तो नाही म्हणून लागत नाही. ज्याला कूलर कळला त्याला स्पेस म्युझिक कळायला अडचण येऊ नये, असं माझं प्रामाणिक मत आहे.

हे मी गमतीने म्हणत नाहीये. ला माँट यंग हा अमेरिकन संगीतकार आयडाहोच्या खेड्यात वाढला. लाकडी घराच्या फटींतून शिरणारा वारा आणि ट्रान्सफॉर्मरची गुणगुण या लहानपणच्या आवाजांतून आपलं संगीत निघालं, असं तो स्वतः सांगतो. १९६० च्या दशकात त्याच्या गटाने वाद्यं लावली ती चक्क अमेरिकेतल्या मेन्सच्या ६० हर्ट्झला धरून. म्हणजे आमच्या मित्राने नकळत इतिहासच सांगितला होता. फ्रीजचा आवाज हा या प्रकारावरचा आरोप नसून त्याची वंशावळ आहे.

आणि ही वंशावळ पुढे आपल्या दाराशी येते! यंग आणि त्याचा मित्र टेरी रायली हे दोघे १९७० साली एका भारतीय गायकाचे गंडाबंध म्हणावेत असे शिष्य झाले. गायकाचं नाव पंडित प्राणनाथ, घराणं किराणा, गुरू अब्दुल वहीद खाँ. अब्दुल वहीद खाँ आणि मिरजेला स्थायिक झालेले अब्दुल करीम खाँ हे एकाच किराणा परंपरेतले नातलग. अब्दुल करीम खाँचे शिष्य सवाई गंधर्व आणि सवाई गंधर्वांचे शिष्य भीमसेन जोशी. म्हणजे गुरुघराण्याच्या नात्याने पाहिलं तर भीमसेनजी आणि न्यूयॉर्कच्या माळ्यावर तंबोरा घेऊन बसलेला ला माँट यंग, हे चुलत-चुलत लागतात. सुराला चिकटून राहायचं, षड्ज पूर्ण भरल्याशिवाय पुढे जायचं नाही, घाई म्हणून करायची नाही, हा किराण्याचा स्वभाव. तो समुद्रापलीकडे गेला आणि तिथल्या मशीनमध्ये शिरला.

मशीनचं सांगतो, कारण ते आपल्या कामाचं आहे. रायली दोन टेपरेकॉर्डर शेजारी ठेवायचा. एकच टेप दोघांतून ओवायची. पहिला रेकॉर्ड करणार, दुसरा तेच थोड्या वेळाने वाजवणार, आणि दुसऱ्याचा आवाज परत पहिल्याला द्यायचा. टेपचा वेग सेकंदाला १९ सेंटिमीटर आणि दोन यंत्रांत मीटरभर अंतर असेल तर विलंब साधारण सव्वापाच सेकंदांचा. फीडबॅकचा गेन एकपेक्षा किंचित कमी ठेवला की एकदा वाजवलेला सूर हळूहळू विरत अनेकदा परत येतो, आणि एकटा माणूस स्वतःच्याच आठवणींबरोबर वाजवत बसतो. ईनोने ‘डिस्क्रीट म्युझिक’ केलं ते याच युक्तीवर. कंट्रोल सिस्टिम्सच्या पेपरात हाच लूप आला की आपण त्याचे पोल काढतो आणि पुढे जातो. कोणी सांगतच नाही की हा वाजतोही!

इथे एक वर्ग लगेच उठून म्हणणार, "म्हणजे हे सगळं आपल्याकडे आधीपासून होतंच." हे वाक्य गॅदरिंगच्या भाषणात टाळ्या घेतं, पण ते अर्धवट खरं आहे आणि मला ते आवडत नाही. आपल्याकडे तंबोरा होता, आलाप होता. पण आलाप हा खोलीतल्या उजेडासारखा नसतो. तो तुमच्याकडे लक्ष मागतो. निषाद कधी लागणार याची तुम्ही वाट पाहता, लागला की मान हलते. गायकाला समोर माणूस लागतो. ईनोचं संगीत म्हणतं, तू आपलं काम कर, मी इथेच आहे. दोन्ही गोष्टी मोलाच्या, पण त्या एक नाहीत. स्पेस म्युझिक माझ्या मते या दोघांच्या मधे कुठेतरी आहे : तंबोऱ्याला पुढे बसवलं आणि गायकाला घरी पाठवलं तर जे उरेल ते. आणि गायक नसताना तंबोरा किती बोलतो हे आपण कधी ऐकलेलंच नसतं, कारण आपल्याकडे तो कायम मागे.

तंबोऱ्यात ऐकण्यासारखं काय आहे, हे ज्याने मोजून दाखवलं तो माणूस काही काळ आपल्या नागपुरात नोकरीला होता. सर सी. व्ही. रमण! नोबेल वगैरे फार पुढचं. १९१० च्या सुमारास ते वित्त खात्यातले सरकारी अधिकारी म्हणून नागपूरला बदलून आले होते. पुढे कलकत्त्याला असताना, १९२१ मध्ये, त्यांनी वीणा आणि तंबोरा यांवर एक छोटा निबंध लिहिला. पुस्तकातला नियम असा की तार ज्या बिंदूवर छेडली तिथे ज्या हार्मोनिकचा नोड येतो, तो हार्मोनिक ऐकू यायला नको. रमणांनी दाखवलं की तंबोऱ्यात तो ऐकू येतो. कारण घोडी. आपली घोडी व्हायोलिनसारखी धारदार नसून सपाट आणि किंचित गोलवा दिलेली असते. तार तिला घासत, स्पर्शत कंप पावते आणि ऊर्जा सतत वरच्या हार्मोनिक्समध्ये ढकलली जाते. घोडी आणि तार यांच्यामध्ये सुताचा दोरा सरकवून नेमकी जागा शोधतात, त्याला जवारी लावणं म्हणतात. मिरजेचे कारागीर हे पिढ्यान्‌पिढ्या करत आलेत (मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय मानांकन मिळालं). जवारी नीट लागली की एकाच तारेतून सूर उमलत वर चढत गेल्यासारखा वाटतो. सिंथेसायझरवर हाच परिणाम मिळवायला फिल्टरचा कटऑफ हळूहळू फिरवत बसावं लागतं. हे ऐकून कोणाला कॉलर ताठ करायची असेल त्याने जरूर करावी, पण आधी एकदा शांत बसून नुसता तंबोरा दहा मिनिटं ऐकावा. ॲपमधला चालेल.

बरं, याला ‘स्पेस’ का म्हणायचं? अवकाशात तर आवाजच नसतो! हवा नाही, तर दाबाची लाट जाणार कशातून? मग डोळे मिटले की आपण कुठेतरी अथांग पोकळीत आहोत असं का वाटतं? याचं उत्तर रिव्हर्ब. खोली केवढी आहे हे कान प्रतिध्वनी किती वेळ टिकतो त्यावरून ठरवतो. सबाइनचं सूत्र : आकारमान गुणिले ०.१६१ भागिले एकूण शोषण. दहा-बारा सेकंद विरत जाणारा सूर ऐकला की मेंदू म्हणतो, बाप रे, केवढी ही जागा! विजापूरच्या गोल घुमटात उभं राहून कुजबुजलेल्याला हे समजावायला नको. म्हणजे आपल्याला ‘अंतराळ’ वाटतं ते मुळात दगडी घुमटाचं उसनं घेतलेलं आहे. बाकीचं सिनेमाने शिकवलं. १९६८ च्या ‘२००१ : अ स्पेस ओडिसी’मध्ये क्यूब्रिकने लिगेटीचे धुक्यासारखे स्वरसमूह वापरले आणि तेव्हापासून अंतराळ म्हटलं की कानात तेच. प्रत्यक्ष अंतराळवीर काय ऐकतात? अपोलोवाल्यांनी बरोबर नेलेल्या कॅसेटांत कंट्री म्युझिक होतं. म्हणून तर ईनोने १९८३ च्या ‘अपोलो’ अल्बममध्ये पेडल स्टील गिटार घातली. आणि २०२५ मध्ये आपले शुभांशु शुक्ला निघाले तेव्हा त्यांच्या यादीत ‘स्वदेस’मधलं गाणं होतं! अंतराळात गेलेल्याला घर ऐकायचं असतं, अंतराळ ऐकायचं असतं ते घरी बसलेल्याला.

केसरबाई केरकरांचं नाव इथे निघतंच. गोव्यातल्या केरी गावच्या, अल्लादिया खाँच्या शिष्या. त्यांची साडेतीन मिनिटांची भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजरच्या सोनेरी तबकडीवर गेली. व्हॉयेजर-१ चं उड्डाण ५ सप्टेंबरचं, आणि बाई १६ सप्टेंबरला मुंबईत गेल्या. ती तबकडी आता पृथ्वीपासून सुमारे अडीच हजार कोटी किलोमीटरवर आहे. प्रकाशालाही तिथे पोचायला जवळपास एक दिवस लागतो. पण कृपा करून त्या भैरवीला ‘स्पेस म्युझिक’ म्हणू नका. तिच्यात धूसर काही नाही. ती बाई समोर बसून ठणकावून गाते आहे. माझ्या मते माणसाने बाहेर पाठवायला हेच योग्य होतं.

उलट बाहेरून आपल्याकडे येतं ते खरं स्पेस म्युझिक, आणि ते गोळा करायची जागा महाराष्ट्रातच आहे. नारायणगावजवळ खोडदला टीआयएफआरची जीएमआरटी दुर्बीण : ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. तिथे येणाऱ्या रेडिओलहरी म्हणजे आवाज नव्हे, पण पल्सरचे ठोके स्पीकरला जोडले की ऐकता येतात. वेला पल्सर सेकंदाला ११ वेळा फिरतो, तो चक्क घरघरतो. जून २०२३ मध्ये भारतीय आणि युरोपीय शास्त्रज्ञांनी याच दुर्बिणीच्या नोंदी वापरून पल्सरांच्या ठोक्यांतले बारीक फरक तपासले आणि विश्वभर पसरलेल्या गुरुत्वीय लहरींच्या गुणगुणीचा पुरावा मांडला. वारंवारिता नॅनोहर्ट्झमध्ये. एक नॅनोहर्ट्झ म्हणजे एका आवर्तनाला जवळपास ३२ वर्षं! आपल्या कूलरच्या १०० हर्ट्झच्या षड्जापासून तिथपर्यंत उतरायचं तर साडेछत्तीस सप्तकं खाली जावं लागेल. स्टीव्ह रोचचा अर्धा तास लांबलचक वाटणाऱ्यांनी याचा विचार करावा.

आता मुद्द्याचं बोलतो. या प्रकाराची आज जी गत झाली आहे त्याचा मला राग आहे. फोनवर ‘डीप फोकस’, ‘स्लीप’, ‘स्टडी’ अशा याद्या असतात. मुलं परीक्षेच्या रात्री त्या लावतात, आणि कोण वाजवतंय, काय वाजवतंय, कोणालाही माहीत नसतं. कंपन्यांनाही ते माहीत असावं असं वाटत नाही. अशा याद्यांत खोट्या नावांचे कलाकार आणि घाऊक दरात बनवून घेतलेले तुकडे भरले जातात, हे परदेशी पत्रकारांनी २०१६ पासून वारंवार लिहिलं आहे. आता तर एआय आहेच. संगीत झोपेच्या गोळीसारखं विकलं की ते कोण बनवतं याला किंमत उरत नाही. गोळी कोण चाखून खातो?

"पण झोप येत असेल तर वाईट काय?" काहीच नाही. मी स्वतः झोपेसाठीच सुरू केलं. तिसऱ्या सेमिस्टरला दोन विषय राहिले होते, घरी सांगायची हिंमत नव्हती, आणि रात्री तीन-तीनपर्यंत छताकडे बघत पडायचो. रूममेट घोरतोय, बाहेर कॉरिडॉरमध्ये कोणाचा तरी वाढदिवस चाललाय आणि आपण जागे. ज्यांनी होस्टेलमध्ये वर्ष काढलंय त्यांना ही रात्र माहीत आहे. त्या संगीताने मला झोप लागली नाही. झालं ते वेगळं. जागं राहणं सहन व्हायला लागलं. अर्धा तास डोक्यात तोच तो हिशेब न करता नुसतं पडून राहता येतं, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. रील्सने ते होत नाही. रील्स तुम्हाला दर पंधरा सेकंदांनी परत उठवतात. म्हणून मला वाटतं, ज्या मुलाला खरंच झोप लागत नाही त्याला ‘काहीतरी लाव आणि झोप’ म्हणणं आणि ‘चल, बसून ऐकू’ म्हणणं यात फार फरक आहे. दुसऱ्यात निदान एक माणूस तरी शेजारी असतो. (आठवडाभर हेच चाललं असेल तर वॉर्डन सरांना किंवा डॉक्टरांना सांगावं. संगीत हे औषध आहे, असं मी कुठेही म्हणत नाही.)

आणि म्हणूनच माझी होस्टेल कमिटीकडे आणि वॉर्डन सरांकडे एक मागणी आहे. महिन्यातून एक शनिवार, रात्री साडेनऊ ते साडेदहा, मेसच्या हॉलमध्ये दिवे बंद करून सगळ्यांनी एकत्र ऐकायचं. मेसच का? तिथे फरशी, टाइल्स आणि स्टीलची टेबलं, शोषण जवळपास शून्य. एक टाळी वाजवून बघा किती वेळ घुमते ते! जे आम्हाला जेवताना ओरडून बोलायला लावतं तेच इथे फुकटचं रिव्हर्ब होईल. स्पीकर गॅदरिंगचे आहेतच, फक्त एरवीच्या दहाव्या हिश्श्याने वाजवायचे. सूत्रसंचालन नको, प्रमुख पाहुणे नकोत, दीपप्रज्वलन तर नकोच, कारण दिवे बंद करायचेत. फोन दारात ठेवायचे. झोप लागली त्याला उठवायचं नाही. स्टाफ क्वार्टर्समधल्या सरांना आणि मॅडमना घरच्यांसह आमंत्रण आहे, लहान मुलांसकट.

हे जमलं तर पुढची पायरी तारांगणाची. गांधीसागर तलावासमोरचं, १९९२ साली सुरू झालेलं रमण विज्ञान केंद्र आणि त्याचं तारांगण आपल्यापैकी बहुतेकांनी शाळेच्या सहलीत पाहिलंय आणि नंतर कधीच नाही. अमेरिकेत जॉन सेरीसारखे संगीतकार वर्षानुवर्षं तारांगणांसाठी म्हणून संगीत करत आले आहेत. आपल्या इलेक्ट्रॉनिक्स आणि कॉम्प्युटरच्या मुलांनी फायनल इयरच्या प्रोजेक्टमध्ये तंबोऱ्याच्या जवारीचं मॉडेल करावं, पल्सरच्या ठोक्यांवर तुकडा रचावा आणि रमणांचं नाव असलेल्या घुमटाखाली तो ऐकवायची परवानगी मागावी. अटेंडन्स मॅनेजमेंट सिस्टिम आपण गेली कित्येक वर्षं बनवतोय. अजून एक बॅच ती नाही बनवली तर विद्यापीठ बंद पडणार नाही.

पहिल्या शनिवारसाठी माझी यादी : ‘स्ट्रक्चर्स फ्रॉम सायलेन्स’चा शेवटचा तुकडा, मग दहा मिनिटं नुसता तंबोरा, मग ईनोचा ‘अपोलो’ वेळ उरेल तितका. ज्याला बदल सुचवायचा असेल त्याने मेसच्या नोटीस बोर्डावर लिहावं, ‘फ्रीज’ एवढंच लिहिलं तरी चालेल. मेसच्या काकांशी बोलणं झालंय. साडेदहापर्यंत भांडी घासायला घेणार नाही म्हणाले, पण त्या दिवशीची ताटं आपली आपण धुवायची, या अटीवर.